दवाखान्याचा ओटा

या, असे जवळ सरका. दारात उभ्यानं कथा ऐकू नये, पुण्य अर्धंच पदरात पडतं. आज देवादिकांची नाही, एका ओट्याची गोष्ट सांगतो. तोही कुवेतातला, आणि तोही चुकून बांधलेला. चुकून घडलेल्या गोष्टीत देवाचा हात जरा स्पष्ट दिसतो, म्हणून म्हटलं सांगावी.

ही गोष्ट त्या वर्षांतली, जेव्हा कुवेत स्वतःला पुसून पुन्हा काढत होतं. शहराभोवतीची मातीची तटबंदी पाडली, आतली घरं सरकारनं विकत घेऊन जमीनदोस्त केली आणि बाहेर वाळूत नव्या वसाहती आखल्या. शाळा इथे, मशीद इथे, बाजार इथे. माणसांनी एकमेकांना भेटायचं कुठे, तेवढं आखायचं राहिलं होतं.

ग्रेगसन साहेबाच्या कचेरीकडे एका वसाहतीचा दवाखाना आला. साहेब आर्किटेक्ट, विलायतेचा. इमारतीला उगाच काही चिकटलेलं त्याला खपत नसे. भिंत वाळूतून सरळ उगवली पाहिजे, म्हणायचा. त्याच्या हाताखाली हारून परकार ड्राफ्ट्समन होता. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, पाच वेळचा नमाजी, अबोल. उन्हाळ्यात साहेब मायदेशी निघाला तेव्हा हारूनला म्हणाला, "पक्के नकाशे तू काढ. हिवाळ्यात तुझी नेमणूक पक्की करतो."

नेमणूक पक्की झाली की बायकोला आणायची परवानगी मिळायची. सफियानं लग्न झाल्यापासून नवऱ्याला फक्त रजेत पाहिलं होतं. हारूननं तसं गावी कळवलं आणि नकाशाला बसला.

आता हारूनच्या गावात ओट्याशिवाय घर नाही. ज्याला ओटा नाही त्याला लोक गोदाम म्हणतात. पेन्सिल दवाखान्याच्या उत्तरेच्या भिंतीशी आली आणि हात पुढे गेला. दाराच्या दोन्ही अंगांना, भिंतीच्या लांबीभर, बसायच्या उंचीचा ओटा. वर पुढे आलेलं छप्पर. हारूननं विचार केला नाही. चेहरा काढला की नाक येतंच, त्यात विचार कसला?

ठेकेदारानं नाक बांधलं.

सिमेंट सुकायच्या आत बू हुसेन येऊन बसला. हा जुना नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान. जन्मभर मुंबई, रत्नागिरी, मलबार केलेलं, त्यामुळे हिंदी फाडफाड. जुन्या शहरात त्याच्या दाराशी असाच मातीचा कट्टा होता, तिथे बसून तो अख्ख्या गल्लीची खबर ठेवायचा. नव्या घरात वीज होती, नळ होता, आणि बोलायला भिंत होती. त्याच्यामागून आणखी म्हातारे आले. कॉफी आली. हिवाळ्याच्या तोंडापर्यंत दवाखान्याबाहेर इतकी निरोगी माणसं जमू लागली की दवाखाना उघडायची घाई कुणालाच राहिली नाही.

साहेब परतला. मोटारीतून उतरून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

"हे काय आहे?"

"ओटा, साहेब," हारून म्हणाला.

"मी काढला होता?"

"नाही. माझ्याकडून निघाला."

"आणि ही माणसं? आजारी आहेत?"

"नाही, साहेब. बसलीत."

साहेबानं घाम पुसला. उद्घाटनाला बडा सरकारी अधिकारी येणार होता. "तोवर हे फोडायचं. तूच उभा राहून फोडून घे. ते झालं की तुझ्या नेमणुकीवर सही करतो."

दुसऱ्या दिवशी हारून दोन गडी आणि कुदळी घेऊन गेला. सोबत खोलीतला भागीदार मजीद. दापोलीचा, एका खाणावळीत स्वयंपाकी, बोलायला तिखट. म्हातारे ओळीनं बसले होते.

"फोडायला आलास?" बू हुसेननं विचारलं.

"होय, चचा. साहेबाचा हुकूम आहे."

"मग फोड. हुकूम म्हणजे हुकूम." त्यानं पाय वर घेतले, गड्यांना अडचण नको म्हणून. बाकीच्यांनीही घेतले. उठलं कोणीच नाही.

हारून उभाच राहिला. मजीद कानाशी लागला, "मेल्या, बघतोस काय? दोन शब्द बोल नि मोकळा हो."

"कुठले?"

"उठा चचा, म्हण."

"ओट्यावर बसलेल्याला?"

कोकणात कुणी वैरी जरी ओट्यावर येऊन टेकला, तरी त्याला पाणी विचारतात, ऊठ म्हणत नाहीत. तेवढं मजीदलाही आईनं शिकवलं होतं.

"भाभीचा तरी विचार कर," तो शेवटी पुटपुटला.

"तोच करतोय सकाळपासून."

"तुम्ही दोघं उभे का?" बू हुसेननं सरकून जागा केली. "बसा. चहा घ्या. फोडायचं मग बघू."

वडीलधाऱ्यांपुढे ताटकळत उभं राहणं बरं दिसेना, म्हणून हारून बसला. मजीद बसला. गडीही बसले.

असे दिवस गेले. अजान झाली की ओटा रिकामा व्हायचा, तेवढीच फोडायची वेळ. पण अजान हारूनलाही ऐकू यायची. तो म्हाताऱ्यांबरोबर मशिदीत जायचा, त्यांच्याबरोबर परत यायचा आणि त्यांच्याबरोबर बसायचा. कुदळी भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. त्यांनाही सावली मिळाली.

उद्घाटनाचा दिवस आला आणि ओटा होता तिथेच होता. साहेब कात्री घेऊन दाराशी उभा, ओटा पाहून लाल झालेला. अधिकारी आला, फितीकडे निघाला, तोच त्याला ओट्यावर बू हुसेन दिसला. बापाच्या जहाजाचा जुना नाखुदा! त्याला ओलांडून पुढे कसं जायचं? अधिकारी वळला, म्हाताऱ्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि शेजारी बसला. कॉफी आली. खुशाली झाली. फीत वाऱ्यानं आपली आपण सुटली.

"ही बसायची जागा कुणाला सुचली?" अधिकाऱ्यानं दुभाष्यामार्फत विचारलं.

साहेबानं एकदा हारूनकडे पाहिलं. "आम्ही इथल्या लोकजीवनाचा अभ्यास केला," तो म्हणाला.

पुढच्या सगळ्या वसाहतींच्या इमारतींना ओटे काढायचं ठरलं. साहेबानं ते चारी बाजूंनी काढले. त्यातल्या दिवसभर उन्हात तापणाऱ्या दक्षिणेच्या ओट्यांवर आजवर मांजरसुद्धा बसलेलं नाही.

संध्याकाळी साहेबानं हारूनला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली.

"ओटा चांगला झाला, परकार. पण मी फोड म्हटलं होतं."

"होय, साहेब."

"झालं ते झालं. फक्त एवढं सांग, पुढच्या वेळी मी काही फोड म्हटलं तर फोडशील?"

साहेबाच्या हातात पेन होतं आणि टोपण काढलेलं होतं. एक 'होय' म्हटलं की सफिया बोटीत बसणार. हारूननं प्रामाणिकपणे विचार केला.

"कोणी बसलेलं नसेल तर फोडीन, साहेब."

साहेबानं टोपण लावलं. खरं बोलल्याबद्दल हस्तांदोलन केलं आणि परतीचं तिकीट कचेरीच्या खर्चानं दिलं.

गावी सफियानं पेटी भरून ठेवली होती. वर नवी ओढणी, खाली कोकमं आणि सुके बोंबील, तिथे मिळतात न मिळतात म्हणून. हारूननं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ऊठ म्हणायला तुमचं तोंडच उघडलं नसतं," ती म्हणाली. मग, "सावली होती का हो तिथं?"

"होती. दिवसभर."

"मग बरं."

आणि तिनं पेटी सोडायला घेतली. आधी बोंबील काढले, वास लागतो म्हणून.

मंडळी, हारूनचं नाव कुठल्या पाटीवर नाही, पण त्या वसाहतीतले म्हातारे त्याच्यासाठी दुआ मागत राहिले, त्याची चिंता नको. साहेबाचं नाव तर कोनशिलेवर आहेच. तुम्ही आज घरी गेल्यावर हात जोडाल किंवा हात पसराल, ज्याची जशी रीत, तेव्हा तेवढं सफियाला आठवा. कुवेत तिनं कधीच पाहिलं नाही.