विष माझ्यात नव्हतं

मी अंबूबाईची चिनी मातीची बरणी बोलतेय, आणि रागानं बोलतेय. माझ्या पोटात सिरक्यात मुरलेले चार कांदे आहेत. ते कुणी घेत नाही, म्हणून हे बोलणं.

जानेफळात अंबूबाईची भाजीची वाडी. बांधावरच्या जांभळांचा रस ती माझ्यात भरायची, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून उन्हात ठेवायची. रस आंबून सिरका झाला की त्यात कांदे मुरवून बाजारात विकायची. एकट्या बाईचं घर त्यावर चालायचं. कुणाचं पोट जड झालं तर चमचाभर सिरका पेलाभर पाण्यात, जेवताना. त्यापलीकडे माझा काही दावा नव्हता.

मग गावातले रंगराव अकोल्याला कोर्टाच्या कामानं गेले आणि ऐकून आले, की तिथला कुणी गोरा साहेब झोपताना सफरचंदाचा सिरका पितो म्हणून त्याचं पोट सपाट आहे. रंगरावांचं पोट त्यांच्या आधी घरात शिरायचं. सफरचंद मिळेना, म्हणून मला घेऊन गेले.

"पाण्यात घ्या, आन् जेवतानीच," अंबूबाईनं बजावलं होतं. "पिऊन आडवं नोका होऊ, गळा जळते."

ऐकतील ते रंगराव कसले. तांब्याच्या गडव्यात ठेवलेलं पाणी ते रोज पहाटे प्यायचे. पाणी इतकं गुणकारी, तर सिरका दुप्पट, असं त्यांनी ठरवलं. सकाळीच गडव्यात सिरका ओतून झाकायचे आणि निजताना घटाघटा प्यायचे. आंबट तांब्यात कळकतं हे घरातल्या बायकांना ठाऊक, पण यांनी विचारलं कुणाला? मी कोनाड्यातून नुसती बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या, पोटात कळा. जरा सावरले तसे चावडीवर जाऊन मोठ्यानं म्हणाले, "अंबूबाईनं इख पाजलं मले."

त्या बाजारी तिच्या टोपलीकडे कुणी फिरकलं नाही. पुढच्याही नाही. वांगीसुद्धा परत आली. वांग्यांनी काय केलं होतं?

ती मला न्यायला आली, तेव्हा रंगरावांची सून गीताबाई ओसरीवर तोच गडवा चिंचेनं घासत होती. सासरे सिरका यातच ठेवायचे, हे तिच्याच तोंडून निघालं.

"गीता, चिंचेनं तांबं काऊन चमकते वं?"

"आंबट त्याले खाते म्हून."

"मंग तुया सासऱ्यानं त्यात दिवसभर सिरका ठेवला. सिरक्यानं तांबं खाल्लं, आन् ते यायनं पेलं."

गीताबाईनं गडवा तिरका करून आत बघितलं. खाटेवर बसलेले रंगराव पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. मग "हाव" म्हणाले, पण इतकं हळू की ते ओसरीबाहेर गेलं नाही.

"झालं ते झालं, अंबूबाई. आता कायले बोभाटा करता?" रंगराव म्हणाले.

बोभाटा म्हणे. चावडीवर केलात तो काय होता?

यंदा जांभळं झाडाखाली पडून सडली, तिनं एक उचललं नाही. माझ्यात उरलेल्या सिरक्यात हे चार कांदे तेवढे टाकले आणि मला फळीवर ठेवलं.

रंगराव, आरोप चावडीवर केलात, कबुली ओसरीवर चालायची नाही. येत्या बाजारी तिच्या टोपलीसमोर उभे राहा आणि माझ्यातला एक कांदा सगळ्यांदेखत खा. बोलायचं नसेल तर बोलू नका. फक्त कडकन चावा, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं.