ज्याचा कोट त्याच्या घरी

चाळीस वर्षांत लाँड्रीकाकांच्या हातून एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेला नव्हता. कपडा आला की कॉलरच्या आत काळ्या शाईची खूण, मग धुणं, मग इस्त्री, मग थेट घरपोच. गल्लीत सात भाषा नांदत होत्या, पण काकांच्या खुणा सगळ्यांनाच वाचता येत.

अशा या काकांकडे बाईंनी नाटकाचे कपडे धाडले. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण छडी अजून जिभेवर होती. नाटक गल्लीचंच: कोण कुठल्या मुलखातून आलं, इथं कसं रुजलं. त्यासाठी घराघरांतल्या ट्रंकांतून आजोबांचे कपडे निघाले. मात्र स्वतःच्या आजोबांचं काम कुणी करायचं नाही, हा बाईंचा दंडक. "आपल्या माणसाची फुशारकी कुणीही मारेल. शेजाऱ्याचा आजा अंगावर घ्या, मग कळेल!"

त्या ढिगात काकांनी हळूच वडिलांचा चट्ट्यापट्ट्यांचा कोट सरकवला. गल्लीत पहिली इस्त्री आणली ती वडिलांनीच. पण नाटकात लाँड्रीचा प्रवेशच नव्हता. कुणाला सुचलं नाही, आणि काका तोंडानं मागणारे नव्हेत. तो कोट घालून कुणी नुसता रंगमंच ओलांडला असता, तरी त्यांचं मन भरलं असतं.

प्रयोगाला तास उरला आणि बाई धापा टाकत आल्या.

"कपडे कुठायत?"

"पोचवले की सकाळीच."

"अहो, सभागृहात चिंधीसुद्धा नाही!"

"सभागृहात कशाला? ज्याचे त्याच्या..." बोलता बोलता काकांना उमगलं. हातांनी सवयीनं खुणा वाचल्या होत्या आणि पायांनी घरं गाठली होती.

आतून काकू म्हणाल्या, "जन्मात एक चूक केली, तीसुद्धा न चुकता!"

सभागृहात पाहावं तर बेकरीवाला आपल्याच आजोबांचा पांढरा डगला घालून हजर. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर हसू. "बाई, काढायला सांगू नका. अंगावर अस्सा बसलाय! पण मला पाठ आहे ते याच्या खलाशी आजोबांचं."

"आणि मला तुझ्या आजोबांचं," खलाशाचा नातू म्हणाला. "तू उभा राहा, मी बोलतो. मग मी उभा, तू बोल."

बाईंनी डोक्यालाच हात लावला, पण हसत. "देवानं माझ्यापेक्षा बरं बसवलंय नाटक! चला, पडदा!"

आणि काय रंगलं म्हणता! एक आजोबा उभा राही, शेजारी त्याची कहाणी सांगे, आणि प्रेक्षक टाळ्यांनी दाद देत.

काका मागं विंगेत उभे होते. काकूंनी पिशवीतून तो पट्ट्यांचा कोट काढला. बिनखुणेचा म्हणून दुकानातच राहिला होता. आपल्या कपड्यावर कोण खूण करतं? त्यांनी तो काकांच्या अंगात चढवला आणि पाठीत एक धक्का दिला.

काका उजेडात आले. बोलणार कोण? हे तर कुणालाच पाठ नव्हतं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून घड्याळजींची म्हातारी आई उठली. "हा कोट मला ओळखीचा आहे! माझ्या लग्नाच्या सकाळी माझा झगा जळका निघाला, तेव्हा याच्या बापानं बाहीवर फुलाचं ठिगळ लावून दिलं. खालचं भोक आजतागायत कुणाला दिसलं नाही." मागून बेकरीवाला, मग खलाशाचा नातू, सगळं सभागृहच बोलायला लागलं.

बाईंनी कोटाची कॉलर उलटून पाहिली. "अहो, याला खूण नाही?"

"कशाला हवी?" मागून कुणीतरी ओरडलं. "घर माहीत आहे आम्हाला!"