तांबडी खूण

मी एक जुना लाकडी डबा आहे. मित्रांनो, माझ्यासारखे डबे सहसा मालकाचे गोडवे गातात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

सर घरी इंग्रजीची शिकवणी घ्यायचे. त्यांनी मला सुताराकडून करवून घेतलं. मोठ्या कप्प्यात नामांचे ठोकळे होते: कॅट, गर्ल, बॉक्स. शेजारी एस आणि ईएस. मॅन, फूट, टूथ ही हट्टी मंडळी निराळ्या कप्प्यात, कारण एकाचं अनेक होताना ती शेपूट लावून घेत नाहीत, आतूनच बदलतात. आणि सर्वांत लहान कप्प्यात नखाएवढी तांबडी लाकडी खूण, मालकी दाखवणारी अपॉस्ट्रॉफी. ती एकच होती. एका मुलीचं पुस्तक असेल तर एसच्या आधी बसायची, पुष्कळ मुलींचं असेल तर एसच्या नंतर.

मुलांनी तोंडाने उत्तर द्यायचं नाही, ठोकळे मांडायचे, असा सरांचा नियम होता. चुकलं की सर ओरडत नसत. एका बोटाने ठोकळा मागे सरकवत. त्या बोटाला मुलं छडीपेक्षा जास्त भीत. मला त्याची लाज वाटायची, पण डब्याला कोण विचारतो?

एकदा सरांच्या स्वतःच्या लेकीची खूण चुकीच्या जागी बसली. बोट आलं.

"घरात राहून हे?" सर म्हणाले.

शिकवणीला टेलरकाकांची मुलगीही यायची. तिने खूण उचलून बरोबर जागी ठेवली.

"शाबास. हिच्याकडून शीक जरा."

त्या संध्याकाळी लेकीने खूण काढून आपल्या कंपासमध्ये लपवली. मला रोज आवरून ठेवायचं काम टेलरकाकांच्या मुलीचं होतं, त्यामुळे आळ तिच्यावर आला.

"उद्यापासून येऊ नकोस," सरांनी तिला सांगितलं. लेक समोर बसून पाटीची कड खरवडत होती.

पुढे सरांनी काडीचा तुकडा तांबडा रंगवून माझ्यात ठेवला. मग शिकवणी बंद झाली. मी माळ्यावर गेलो, वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला. तीस वर्षं कुणी वर पाहिलं नाही.

सर अंथरुणाला खिळले तेव्हा लेक माहेरी आली. एका दुपारी तिने मला खाली काढलं आणि इतकी वर्षं जपलेली खरी खूण सरांच्या तळहातावर ठेवली.

"बाबा, मी घेतली होती."

"माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी तुझ्या कंपासमध्ये पाहिली."

"मग तिला परत का नाही बोलावलंत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो."

"बाबा, मी दहा वर्षांची होते."

"तीही."

सरांनी एका बोटाने खूण तिच्याकडे सरकवली आणि कूस बदलली. पुढल्या आठवड्यात ते गेले. त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

दिवसकार्य झाल्यावर लेक मला घेऊन शिलाईच्या दुकानात गेली. टेलरकाकांची मुलगी आता तिथे मशीनवर बसते. तिने सगळं ऐकून घेतलं. पाय मशीनवरून काढला नाही.

"आईने मारलं होतं मला, चोरी केली म्हणून. दाखव ती खूण."

लेकीने दाखवली. तिने ती उजेडात धरली.

"एवढीशी?"

लेकीने मला पुढे केलं.

"डबा ठेव. बटणांना होईल. तू नीघ, गिऱ्हाईक यायचंय."

आता माझ्यात बटणं असतात. सर्वांत लहान कप्प्यात मात्र तिने एकही बटण टाकलेलं नाही. तिथे ती खूण आहे. लेक पुन्हा आली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

मित्रांनो, मला पॉलिश करा, माळ्यावर टाका, तुमची मर्जी. पण तुमच्या कंपासमध्ये दुसऱ्या कुणाचं काही असेल, तर आजच नेऊन द्या. हे दुकान सरांच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर आहे. तेव्हाही इथेच होतं.