एक दिवस साच्यावर

केयूरचं कोलकात्यात सियालदहजवळ वर्कशॉप होतं. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या पायांसाठी तो तिथे प्लॅस्टिकचे आधार, म्हणजे स्प्लिंट, बनवी. लोकांच्या बाबतीत हा माणूस कधी घाई करायचा नाही. केली ती नेमकी स्वतःच्या वडिलांच्या बाबतीत.

वडील श्यामसुंदर बँकेतून निवृत्त झालेले, भलते हट्टी. फेब्रुवारीत त्यांची डावी बाजू गेली. केयूरची बहीण ऋता बुधवारी पुण्याहून यायची होती. तिला दार आपणच उघडायचं, कुणी न धरता उभं राहून, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. "लवकर कर रे," म्हणून केयूरला भंडावून सोडलं. त्यानेही पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर तापलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक चढवलं आणि गार पाण्यात बुडवलं. तो स्प्लिंट वजनाखाली वाकला आणि बाबा व्हरांड्यात कोसळले.

सोमवारी दुपारी केयूरने नवा साचा करून त्यावर पुन्हा प्लॅस्टिक चढवलं.

"या खेपेला पूर्ण एक दिवस साच्यावर राहू दे," तो म्हणाला. "झटकन गार केलं की आतल्या रेणूंच्या साखळ्या असतील तशा गोठतात. सावकाश निवू दिलं की घड्या घालून नीट रचून बसतात. मग तो वाकत नाही."

"उद्या सकाळी दे ना. उभं राहायचा सराव तरी करीन."

"एकटू थांबा, बाबा, थोडंसंच."

त्याच्या बंगाली मिसळलेल्या मराठीला बाबा एरवी हसत. त्या दिवशी हसले नाहीत.

मंगळवारी सकाळी चहा पिता पिता ते गेले. बुधवारी ऋताला दार शेजाऱ्यांनी उघडलं.

तेरावं झाल्यावर केयूर वर्कशॉपमध्ये आला. आई प्रेमलताबाई हट्टाने बरोबर आली. ऋता खाली गाडीत बसून राहिली. स्प्लिंट साच्यावर तसाच होता, ताठ, तसूभरही न हलणारा. इतका चांगला स्प्लिंट त्याच्या हातून कधी झाला नव्हता, आणि त्यानेच त्याला रडू फुटलं. तो सोडवायचा तर आतला प्लास्टरचा पाय फोडायला हवा. पुढून बोटं दिसत होती, अंगठ्यावर चढलेलं दुसरं बोट अगदी बाबांचं. केयूरने हातोडी उचलली आणि परत ठेवली.

"मीच त्यांना थांबवलं, आई."

आईने पदराने त्या बोटांवरची पांढरी धूळ पुसली.

"उभा कर बघू."

त्याने पाय टेबलावर ठेवला आणि हात काढून घेतले. पाय उभा राहिला.

"धरलेला नाहीस ना?"

"नाही."

"मग ऋताला वर बोलाव."