बाबारावांच्या पेटीचे अस्तर

मित्रांनो, मी एक जुनी पायडलची शिलाई मशीन आहे. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी केव्हाच पुसली गेली, पण स्मरणशक्ती शाबूत आहे. माझा अपमान केलेला माणूस मी विसरत नाही.

माझे उमेदीचे आयुष्य नागपुरातल्या आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत गेले. मला चालवायची ती एस्तेरबाई. गायनमंडळाचे झगे, बाप्तिस्म्याच्या बाळांची झबली, आणि मंडळीतले कोणी वारले की शवपेटीच्या आतले अस्तर, सगळे आम्हा दोघींच्या हातचे. झबल्यांचे कौतुक व्हायचे. अस्तराचे कोण करणार? ते मातीतच जायचे. तरी पायडलवर पाय ठेवण्याआधी बाई दर वेळी एकच वाक्य पुटपुटायची, "प्रभू, हे काम तुझ्यासाठी." मला वाटायचे, मोठ्या गिऱ्हाइकाचे नाव घेतले की टाके आपोआप नीट पडतात.

मग एका ईस्टरला भर उपासनेत एका गायकाचा झगा खांद्यावर टरकन फाटला. मंडळीचे सेक्रेटरी बाबाराव उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "एस्तेरबाई, तुमच्या हातची शिवण उसवून राहिली. आता घरी बसा. अन् ते भंगारही संगं घेऊन जा."

मित्रांनो, शिवण उसवली नव्हती. बाबारावांनी स्वतः आणलेले कापडच कुजके होते. फाटले ते कापड आणि नाव गेले आमचे.

एस्तेरबाईच्या घरी मी न्हाणीघराच्या भिंतीला लागून ओल खात उभी राहिले. बाई चर्चला जाईना. तिने माझ्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. मला ओठ नाहीत, पण कापड पुढे सरकवणारे दात आहेत. तेच खात मी दिवस काढले.

यंदा उन्हाळ्यात बाबाराव धंतोलीच्या एका दवाखान्यात वारले. दुपारी त्यांची बायको गोपिकाबाई पांढरे सॅटिन घेऊन आमच्या दारात उभी.

"एस्तेर, पेटीचं अस्तर तूच शिव वं. दुसऱ्या कोनाच्या हातचं मले नाही पाहिजे."

"काहून? माझी शिवण तं उसवते ना?"

कापड बरण्यांशेजारी ठेवून गोपिकाबाई निघून गेली. संध्याकाळी दफन होते.

मला आनंदाचे भरते आले. बाईलाही आले असावे, कारण बरण्या उतरवून मला तेल पाजल्यावर तिने टाक्याची कळ पार टोकाला नेली. सगळ्यांत लांब, सगळ्यांत ढिला टाका.

"घे म्हना आता," ती म्हणाली. "उसवत्या शिवणीवरच झोप."

झाकण लागल्यावर कोण बघणार होते? अस्तरासोबतच्या उशीतला कापूस सुटेल आणि पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत बाबारावांची मान लाकडाच्या फळीवर. मी तर कधी एकदा चाक फिरते म्हणून उतावीळ झाले होते.

बाईने पायडलवर पाय ठेवला आणि सवयीने तोंड उघडले. "प्रभू, हे काम..." पुढचा शब्द येईना. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मी मनात ओरडत होते, बाई, आज ते वाक्य राहू दे, आजचे गिऱ्हाईक बाबाराव आहेत! ती रडायला लागली. दुःखाने नाही, संतापाने.

"त्या बाबारावासाठी शिवून नाही राहिली मी," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "कधी शिवलंच नव्हतं त्याच्यासाठी."

तिने डोळे पुसले, अडलेले वाक्य पुरे केले आणि कळ बारीक टाक्यावर आणली.

मग आम्ही शिवले. इतका बारीक टाका झबल्यालाही कधी घातला नव्हता. प्रत्येक शिवणीवरून दुसरी शिवण. उशी भरून झाल्यावर बाईने तिची कड दोन्ही हातांनी ताणली, गुडघा लावून ताणली. दोरा हलला नाही. तेव्हा ती हसली, आणि ते हसू काही फार पवित्र नव्हते.

मी बाबारावांना क्षमा केलेली नाही. क्षमेचे काय ते बाई आणि तिचा प्रभू बघून घेतील. मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. जुन्या मशीनला ओल लागू देऊ नका, अधूनमधून तेल घाला, आणि कोणाच्या शिवणीला नावे ठेवण्याआधी आपण आणलेले कापड तपासा.

बाबाराव आता त्या अस्तरावर निजले आहेत. त्यांना वेळच वेळ आहे. उसवून दाखवा म्हणावे.