नऊ सिलिंडर

सकाळचे नऊ वाजायच्या आत शेडच्या पत्र्याला हात लावता येईना. मिस्त्रीने पोती भिजवून सिलिंडरांवर पसरली. दहा मिनिटांत ती वाळून कडक झाली. बादलीत तळाशी तांब्याभर पाणी उरलं होतं आणि नळाला आता उद्याच पाणी येणार होतं.

सव्वीस वर्षं तो एसी दुरुस्त करत होता. वस्तीत मिस्त्री म्हटलं की तोच. बिघडलेलं मशीन उघडायचं तर आतला गॅस आधी काढावा लागतो. तो कसा काढायचा हे उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: नट सैल करायचा, आपलं तोंड बाजूला करायचं आणि फुस्स होऊ द्यायचं. ना रंग, ना वास. दोन मिनिटांत काम खलास.

दोन महिन्यांपूर्वी कंपनीने मेकॅनिकांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग ठेवला. खरं सांगायचं तर तो तिथल्या थंडगार हॉलसाठी गेला होता. शिकवायला आलेल्या बाई शांतपणे बोलत होत्या. म्हणाल्या, हा गॅस एकदा वर गेला की उष्णता धरून ठेवतो, कोळशाच्या धुराच्या दोन हजार पट. एक किलो सोडलात म्हणजे गाडीने बारा हजार किलोमीटर धूर ओकत जाण्यासारखं झालं. हवा तापते म्हणून लोक एसी घेतात, एसीतला गॅस सुटतो म्हणून हवा आणखी तापते.

बाकीचे जेवायला उठले. तो बसून राहिला. दिवसाला दोन किलो धरले तरी सव्वीस वर्षांचे पंधरा हजार किलो होत होते. त्याच्या हातून, एकेक नट सैल करून.

त्याने गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरायचं जुनं मशीन कुठून तरी पैदा केलं. त्याला प्रत्येक घरी पाऊण तास जास्त लागू लागला. फोन घ्यायचं काम बायकोकडे होतं.

"अहो, आधी दिवसाला बारा घरं व्हायची, आता पाच होतात," ती एकदा भडकली. "लोक उकडून निघालेत. शिव्या मी खाते इथे."

"पंधरा हजार किलो सोडलाय मी."

"म्हणजे हा उन्हाळा तुम्ही एकट्यानेच आणलात?"

"एकट्याने नाही गं. पण माझा हात आहे ना त्यात."

पुढचा फोन आला तेव्हा ती "येतील हो, नक्की येतील" एवढंच म्हणाली.

सिलिंडर भरत गेले. ते जमा करायच्या केंद्राला कुलूप होतं. दुसरं केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या माणसाने चहाचा कप खाली न ठेवता मागच्या अंगणाकडे बोट केलं.

"तिकडे उघडा आणि रिकामे घेऊन जा."

"अहो, मग मी इथवर आणले कशाला?"

"गॅस जाळायची भट्टी दुसऱ्या राज्यात. गाडी वर्षभरात आलेली नाही. आम्हीही तेच करतो, मिस्त्री. तोंड बाजूला करून."

तो सिलिंडर परत घेऊन आला. रिकामा एकही मिळेना, म्हणून आहेत त्यातच ठासून भरत राहिला. सिलिंडर कधीही काठोकाठ भरायचा नसतो, आतला गॅस तापून फुगायला जागा लागते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी भरला. सोडायचा नाही असं एकदा मनाशी धरलं होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

आता पारा सेहेचाळीसवर गेला होता आणि शेड भट्टीसारखी तापली होती. घरात एसी असलेली, थंड अशी एकच खोली होती, आईची. आई ऐंशीची होती.

"आईंना बाहेर काढून हे धोंडे आत ठेवणार?" बायकोचा आवाज चिरकला.

"दोन दिवस फक्त. एक जरी फुटला तर शेड उरणार नाही."

"मग सोडून द्या ना! केंद्रवाले सोडतात, सगळं जग सोडतंय!"

आतून आईच म्हणाली, "भांडू नका रे. माझी खाट पॅसेजमध्ये टाका. विचारलं कुणी तर सांगेन, लेकाने आईला बाहेर काढलं आणि गॅसला आत घेतलं." आणि स्वतःच हसली.

पॅसेजमध्ये पंखा होता. पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता वीज गेली. अख्ख्या वस्तीची गेली. सगळ्यांचे एसी एकदम चालू, कुठली तरी तार जळाली म्हणे.

दोनच्या सुमारास बंद खोलीतून सूं सूं आवाज यायला लागला. एका सिलिंडरची सुरक्षा झडप आपोआप उघडली होती. हा गॅस जमिनीलगत साचतो आणि माणसाचा श्वास कोंडतो. मिस्त्रीने दार उघडलं, श्वास रोखला आणि एकेक सिलिंडर ओढत अंगणात आणला. फरशीवर चरे पडले. नऊही बाहेर आले तेव्हा दुसरा सिलिंडरही सूं सूं करू लागला होता.

त्याने पाना घेतला.

नऊच्या नऊ उघडले. तोंडांवर पांढरं दंव धरलं. त्या सेहेचाळीस अंशांत त्याची बोटं गारठून बधिर झाली. कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "मिस्त्री, गॅस आलाय वाटतं! मग आमच्याकडे कधी येताय?"

दोन महिन्यांत जमवलेलं सगळं वीस मिनिटांत संपलं.

"अहो, इकडे या," बायकोची हाक आली. "आई बोलत नाहीयेत."

आईचं अंग चटका बसावा असं तापलेलं आणि कोरडं होतं. डोळे अर्धे मिटलेले. त्याने तिला उचललं. ती किती हलकी झाली होती, हे त्याला तेव्हाच कळलं.

दवाखान्यात वीज होती, जनरेटरवर. पण उष्माघाताच्या वॉर्डात खाटा भरून माणसं जमिनीवर निजवली होती, आणि भिंतीवरचं मशीन नुसतीच हवा फेकत होतं. गरम हवा.

"एसी का बंद आहे?" त्याने सिस्टरला विचारलं.

"गॅस गेलाय म्हणे. आमचा मेकॅनिक सकाळी गच्चीवर काम करताना ऊन लागून कोसळला. तो बघा, कोपऱ्यात." मग तिचं लक्ष त्याच्या खिशातल्या पान्याकडे गेलं. "तुम्हाला येतं का?"

गच्चीवर त्या मेकॅनिकची हत्यारं तशीच पडली होती, शेजारी नव्या गॅसची टाकी. मिस्त्रीने दाब मोजायचं गेज लावलं. निम्मा गॅस गळून गेला होता आणि उरलेल्यात हवा शिरली होती. तो काढून टाकल्याशिवाय नवा भरता येणार नव्हता. गॅस ओढायचं मशीन घरी होतं. घरी जाऊन यायला तास, मग वर पाऊण तास. खाली एकवीस माणसं होती आणि त्यातली एक त्याची आई.

तो उन्हात उकिडवा बसला. वर्गातल्या बाईंचा शांत आवाज आठवायचा प्रयत्न केला. आठवला तो फक्त आकडा. मग त्याने नट सैल केला आणि तोंड बाजूला केलं.

पाऊण तासाने वॉर्डात गार वारा सुटला. जमिनीवरची एक बाई उठून बसली. आईच्या सलाईनचे थेंब पडत होते. बायको तिच्या कपाळावर ओला रुमाल धरून होती. डॉक्टर म्हणाले, रात्र काढली तर वाचतील. मिस्त्री खाटेच्या लोखंडी दांडीला धरून उभा राहिला. गच्चीवर त्याच मशीनचा दुसरा पंखा खोलीतली उष्णता ओढून रस्त्याकडे फेकत होता, आणि रस्त्यावर भिंतीच्या सावलीला आत जागा न मिळालेली माणसं बसली होती.

सिस्टर लगबगीने आली. तिचे डोळे भरून आले होते.

"देवासारखे धावून आलात हो," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर अजून चार बंद आहेत. एक लहान मुलांच्या वॉर्डात."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

तो पाना घेऊन जिन्याकडे निघाला.