नितळनाथांचं पाणी

चोपडा गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडपुढे दर गुरुवारी रांग लागे आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एक बाटली असे. बाटलीत ज्याची त्याची लघवी. एरवी जी गोष्ट माणूस भिंतीआड उरकतो, ती इथे नैवेद्यासारखी झाकून आणायची.

आधी प्रसाद म्हणून तांब्याभर खारट पाणी प्यायचं, मग शेडमागे जाऊन बाटली भरायची. नितळनाथ महाराज त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवत. पाणी पांढरं, ढगाळ होई.

"पाहा! किडनीतलं विष!"

मग तीर्थाचे चार थेंब. फस्स करून बुडबुडे येत आणि पाणी नितळ!

"किडनी म्हणजे पोटातले दोन काजू. बुरशी लागली होती, धुऊन काढली. चला, पुढचा!"

बनियन धुवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

अभिमनचं पाणी मात्र निवळलं नाही. तो केळीच्या गाड्या भरायचा. लघवीला साबणासारखा फेस येई, पाय सुजत. जळगावच्या डॉक्टर हुमा म्हणाल्या होत्या, "लघवीतून प्रोटीन जातंय. या रक्तदाबाच्या गोळ्या सोडू नका आणि पुन्हा तपासायला या." पण भावकीने त्याला इथे आणलं. चार थेंब झाले, आठ झाले. नळीत नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या तशाच.

"तीर्थ चोख आहे," महाराज रांगेकडे वळून म्हणाले, "माणूस चोख नाही. घरात पाप आहे."

रांगेत कोणीतरी हसलं. अभिमनची खाली गेलेली मान त्याच्या बायकोला, तानुबाईला, बघवली नाही.

पुढच्या गुरुवारी तिने प्रसादाचं पाणी स्वतःही प्यायलं आणि नवऱ्याची बाटली गुपचूप आपणच भरली. पाणी निवळलं. जयजयकार झाला. अभिमनने गल्लीत पेढे वाटले.

"आते गोया कशाले, तानू? बठ्ठं बरं व्हयनं!"

"तरी घ्या ना एखादी गोळी."

"महाराजवर भरोसा नई का तुना?"

तानुबाईला खरं काय ते ठाऊक होतं, पण ते सांगायचं तर त्याची मान पुन्हा खाली जाणार होती. तिने गोळ्यांची पुडी फळीवर ठेवून दिली.

केळीचा हंगाम सरेपर्यंत अभिमनचा चेहरा सुजला, दम लागू लागला. जळगावला नेलं, तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं.

"गोळ्या का सोडल्या?" हुमा डॉक्टरांनी विचारलं. तानुबाईने सगळं सांगितलं. डॉक्टर रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"प्रसादात खायचा सोडा असणार, अक्का. तो पोटात गेला की लघवीतले क्षार तापवल्यावर पांढरे दिसतात. तीर्थ म्हणजे लिंबूपाणी. आंबट पडलं की क्षार विरतात. धडधाकट माणसाचं पाणी असं निवळणारच. प्रोटीन मात्र अंड्याच्या पांढऱ्यासारखं. एकदा शिजलं की लिंबाने विरत नाही."

"म्हणजे पहिल्या वेळी..."

"पहिल्या वेळी त्या ढोंग्याच्या हातून चुकून खरी तपासणी झाली. खरा आजारी त्याला सापडला, आणि त्यालाच त्याने पापी ठरवलं."

तानुबाईने अभिमनला सांगितलं, तेव्हा त्याचं रक्त यंत्रातून फिरत होतं.

"तू मनी लाज राखी," तो एवढंच म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

गुरुवारी तानुबाई पुन्हा शेडपुढे उभी राहिली. रिकाम्या हाताने. शेजारी बाजारात बांगड्या विकणारी सुगराबी होती, ओढणीखाली बाटली धरून.

"कोनासाठी, आपा?"

"बेटे के वास्ते. नईम. पिछली बार पानी साफ नइ हुआ. सब हँसे उसपे."

"आणि हे पानी कोनाचं?"

सुगराबीने बाटली आणखी आत ओढली. तानुबाईने तिचा हात धरला.

"मीबी हेच केलं, आपा. लाज राहिली, किडनी गेली." मग ती रांगेकडे वळली. "बायांनो, ज्याचं दुखणं त्याचंच पाणी तपासा, आणि ते डॉक्टरकडे! डॉक्टरबाई सांगतात, एकदा प्रोटीन दिसलं म्हणून घाबरू नका, तापातही दिसतं. पण पुन्हा तपासा. वेळेत कळलं तर गोळ्यांनी किडनी टिकते. पाप-बीप काही नसतं, आजार असतो!"

सुगराबीने बाटली मातीत ओतली.

"नईम को लेके आती हूँ," ती म्हणाली. "डॉक्टर के पास तू चलेगी ना साथ में?"

आत कोणाचं तरी पाणी निवळलं. शेडमधून जयजयकार ऐकू आला आणि रांगेतली आणखी एक बाई, मान खाली घालून, हळूच बाहेर पडली.